मेळघाटातल्या वाणीला नाव कोण देणार?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वऱ्हाडातल्या कॉलेजांमधून प्राणिशास्त्र शिकवले. त्यांच्याकडे गांडुळाचा, गोगलगायीचा तास वाघाच्या तासाइतक्याच मनापासून होत असे. म्हणून आजचा विषय त्यांना आवडला असता असा निवडला आहे. मेळघाटचे नाव निघाले की बोलणे वाघावर जाते, आणि ते रास्तच आहे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. पण वाघ ज्या पाचोळ्यावरून चालतो त्या पाचोळ्यात राहणाऱ्या एका प्राण्याबद्दल मला आज बोलायचे आहे. तो प्राणी म्हणजे वाणी. जंगलातल्या वाणीची नवी प्रजाती विज्ञानापुढे मांडायची म्हणजे नेमके काय काय करावे लागते, ते सविस्तर सांगतो. हे काम वऱ्हाडात व्हायला हवे आणि वऱ्हाडातल्या माणसांच्या हातून व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना वाणी भेटली ती जंगलात नव्हे, वावरात. मिरगाचा पाऊस पडतो, सोयाबीन आणि पऱ्हाटी पेरली जाते, आठवड्याभरात कोंब वर येतात, आणि एखाद्या सकाळी तासच्या तास जमिनीलगत कुरतडलेला दिसतो. धुऱ्यावरच्या कचऱ्यात, ढेकळांखाली काळपट-तपकिरी वाण्यांचे पुंजके असतात. हात लावला की वेटोळे करून पडतात, म्हणून कुणी त्यांना पैसा म्हणते. पहिल्या पावसानंतर उघाड पडली की नुकसान वाढते. वाणीचे अंग कोरडेपणा सोसत नाही, आणि सुकत चाललेल्या जमिनीत कोवळा कोंब हाच तिला मिळणारा ओलावा असतो. शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते ती अशी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठापासून गावातल्या कृषी सहायकापर्यंत सगळे जो सल्ला देतात तो तुम्हाला पाठ असेल: रात्री वावरात गवताचे छोटे छोटे ढीग ठेवा, सकाळी त्यांखाली जमलेल्या वाण्या गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका, पेरण्याआधी बीजप्रक्रिया करा. गवताच्या ढिगाचा हा उपाय मला फार मोलाचा वाटतो. ज्याने तो पहिल्यांदा सुचवला त्याने वाणी रात्री कशी वावरते आणि दिवसा कुठे दडते हे नीट पाहिलेले होते.

आता प्रश्न असा, की ही वाणी कोणती? पऱ्हाटीचा कोंब खाणारी आणि धुऱ्यावर कुजके गवत खाणारी एकच की वेगळी? अंडी कधी घालते, किती वर्षे जगते, उन्हाळ्यात जमिनीत किती खोल जाते? यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्रजातीगणिक बदलते. जपानमध्ये याचे ठळक उदाहरण आहे. तिथल्या डोंगराळ भागात वाण्यांचे लोंढे रुळांवर येऊन आगगाड्या थांबल्याची नोंद १९२० पासून आहे. संशोधकांनी त्या वाणीची प्रजाती नक्की केली, मातीचे नमुने वर्षानुवर्षे तपासले, आणि दर ८ वर्षांनी तिची प्रौढ पिढी वर येते हे सिद्ध केले. २०२१ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रजातीच नक्की नसती तर या वर्षीची वाणी आणि आठ वर्षांमागची वाणी एकच, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? ओळख पटली की मग सवयी कळतात, आणि सवयी कळल्या की उपाय नेमका होतो. ओळख न पटवता केलेली फवारणी शेतकऱ्याच्या खिशालाही महाग पडते आणि मातीलाही.

वाणी आणि गोम यांची गल्लत सर्रास होते, म्हणून दोन शब्द त्यावर. गोम शिकारी आहे. तिच्या प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी, आणि पहिल्या वलयाच्या पायांची विषारी नखे झालेली. गोम आणि घोणीवर आपल्याकडे चांगले काम झाले आहे. बी. एस. जांगी यांनी स्कोलोपेन्ड्रा या भारतीय घोणीच्या शरीररचनेवर लिहिलेले पुस्तक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्पिढ्या वापरले. वाणी मात्र चावत नाही. तिचे जेवण म्हणजे कुजकी पाने, लाकडाचा भुसा, बुरशी. तिच्या मानेच्या वलयाला पाय नसतात, पुढच्या तीन वलयांना एकेक जोडी असते, आणि त्यानंतर प्रत्येक वलयाला दोन दोन जोड्या. संरक्षणासाठी तिच्याकडे कडक कवच आहे, ज्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते, आणि रसायने आहेत. गोल अंगाच्या लांब वाण्या बेन्झोक्विनोन सोडतात. त्यांनी बोटावर पडलेला तपकिरी डाग लवकर जात नाही. चपट्या पाठीच्या वाण्या चक्क हायड्रोजन सायनाइड तयार करतात आणि त्यांना कडू बदामासारखा वास येतो. या चपट्या वाण्यांना डोळे नसतात, एकीलाही नाही.

हे घराणे किती जुने आहे ते ऐका. स्कॉटलंडमध्ये माइक न्यूमन नावाच्या बसचालकाला समुद्रकाठच्या खडकात एक बारीक जीवाश्म सापडला. जीवाश्म गोळा करणे हा त्यांचा छंद. २००४ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि न्यूमन यांच्या सन्मानार्थ त्याला न्यूमोडेस्मस न्यूमनी हे नाव मिळाले. तो वाणीचा तुकडा होता, ४० कोटी वर्षांहून जुना, आणि त्याच्या अंगावर हवा आत घेण्याची छिद्रे स्पष्ट दिसत होती. जमिनीवर येऊन हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचा इतका जुना पुरावा फार थोडा आहे. नोकरी सांभाळून छंद जोपासणाऱ्या माणसाच्या हातून असे घडू शकते, हे आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आता जंगलात येऊ. मेळघाट हे पानझडीचे जंगल. साग मुख्य, सोबत ऐन, धावडा, तिवस, मोह, सालई आणि बांबू. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची मोठी, खरखरीत पाने गळतात आणि जमिनीवर थर साचतो. पाऊस पडला की त्या थरात बुरशी धरते, पान मऊ पडते, आणि वाणी कामाला लागते. ती पान चावून बारीक करते. तिच्या विष्ठेच्या गोळ्यांवर जिवाणू आणि बुरशी नव्या जोमाने वाढतात, आणि पानात अडकलेले अन्नद्रव्य मातीत मोकळे होते. सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्यांच्या काठचा काळा ओलसर पाचोळा उचकून पाहिला की हे सगळे डोळ्यांना दिसते. सेमाडोहला, कोलकासला किंवा नरनाळ्याच्या किल्ल्यावर पावसाळ्यात गेलात तर दगड हलवून पाहा, आणि पाहून झाल्यावर तो होता तसा परत ठेवा.

या पाचोळ्याचा मोठा वैरी वणवा आहे. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत मेळघाटात वणव्यांचा हंगाम असतो. मोहफुले नीट वेचता यावीत, तेंदूला नवी पाने फुटावीत, गवत चांगले यावे म्हणून लावलेली आग पसरते. वनखाते जाळरेषा काढते, फायर वॉचर ठेवते, तरी आगी लागतात. वणव्यात किती झाडे गेली याचा हिशेब होतो. पाचोळ्याचा थर जळाला की त्यात काय गेले याचा हिशेब कुणी करायचा? मोजायचे तर आधी तिथे कोण होते हे माहीत हवे. नावांच्या यादीशिवाय हानीची मोजणी सुरूच होऊ शकत नाही.

जगात वाणीवर्गाच्या सुमारे १२,००० प्रजातींची वर्णने झाली आहेत. अमेरिकेतले वाणीतज्ज्ञ रिचर्ड हॉफमन यांनी १९८० मध्ये अंदाज दिला होता की खरा आकडा ८०,००० पर्यंत असावा. म्हणजे बहुसंख्य वाण्या अजून नावाविना फिरत आहेत. भारताची एकत्रित यादी २०१६ मध्ये सर्गेई गोलोवाच आणि थॉमस वेसेनर यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे २७० प्रजाती आहेत. हिमालयापासून निकोबारपर्यंत पसरलेल्या देशाला २७० हा आकडा अगदी तोकडा आहे. वाणी उडत नाही, पोहत नाही, वाऱ्यावर जात नाही. एका डोंगराची वाणी मधली कोरडी दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर सहसा पोचत नाही. त्यामुळे डोंगरागणिक प्रजाती वेगळी होत जाते. आता गाविलगडचा डोंगर नकाशावर पाहा. दक्षिणेला पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, उत्तरेला तापी, आणि मध्ये हजार मीटरांच्या वर चढलेली चिखलदरा-वैराटची धार, जिथे खालच्या मैदानाच्या मानाने पाऊस कितीतरी जास्त. वाणीच्या दृष्टीने हे बेटच आहे. इथे शोधायला हवे, असे मी म्हणतो ते या आधारावर.

आणखी एक कारण आहे. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक होते. माशांचे मोठे अभ्यासक. पूर्वेकडच्या डोंगराळ प्रवाहांतले मासे सातपुड्याच्या रांगेवरून सरकत सह्याद्रीपर्यंत आले असावेत, असा तर्क त्यांनी १९४० च्या दशकात मांडला. सातपुडा सिद्धान्त या नावाने तो ओळखला जातो आणि त्यावर आजही वाद आहे. खरोखर असा मार्ग होता का, हे तपासायला वाणीसारखा साक्षीदार मिळणार नाही, कारण जंगलातली वाणी सहसा ओल्या, सलग जंगलातूनच सरकू शकते. मेळघाट त्या मार्गाच्या मधोमध येतो. इथल्या वाणीचे नातलग सह्याद्रीत निघतात की पूर्वेच्या डोंगरांत, हे कळले तर होरांच्या तर्काला बळ मिळेल किंवा तो मागे पडेल. दोन्ही शक्यता सारख्याच मोलाच्या आहेत.

महाराष्ट्रातल्या वाणीला नाव कसे मिळाले याची एक खरी हकिकत सांगतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या भागात लालसर-गुलाबी, चपट्या वाण्यांचे थवेच्या थवे दिसतात. शेकडो वाण्या एका दिशेने चाललेल्या असतात. तिचे आजचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सोनी. हे फिप्सन म्हणजे हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन, मुंबईतले मद्यव्यापारी. १८८३ मध्ये आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली, आणि पुढे सोसायटीचा संग्रह फिप्सन यांच्याच दुकानाच्या जागेत राहिला. त्यांनी वीस वर्षे सोसायटीचे मानद सचिवपद सांभाळले. त्यांच्या पत्नी डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलात काम केले, हे वैद्यकीचा इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. सोसायटीकडे देशभरातून येणारे किडेमकोडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे जात. तिथे रेजिनाल्ड पोकॉक कोळी, विंचू, गोम आणि वाणी यांवर काम करत होते. १८९२ मध्ये पोकॉक यांनी या वाणीचे वर्णन केले आणि फिप्सन यांचे नाव तिला दिले. पुढे व्हिएन्नाचे कार्ल आटेम्स यांनी १९३६ मध्ये इंडियन म्युझियमच्या ग्रंथमालेत भारतातल्या वाण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. आजही भारतीय वाणीवर काम करणाऱ्याला तो उघडावाच लागतो.

या हकिकतीत वाणी इथली, पाऊस इथला, वेचणारे हात बहुधा इथले, आणि नाव मात्र लंडनमध्ये. त्या काळात दुसरे शक्यही नव्हते. पोकॉक आणि आटेम्स यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण १८९२ मध्ये जे अपरिहार्य होते ते आज अपरिहार्य नाही.

आज वर्णन कसे करायचे? सुरुवात नरापासून. गोल अंगाच्या असोत की चपट्या पाठीच्या, आपल्याकडच्या बहुतेक वाण्यांत प्रौढ नराच्या सातव्या वलयावरचे चालण्याचे पाय बदलून त्यांचे संयोगाचे अवयव झालेले असतात. त्यांना गोनोपॉड म्हणतात. त्यांचा आकार प्रत्येक प्रजातीत वेगळा असतो: कुठे आकडा, कुठे चमचा, कुठे पिळलेला काटा. रंगावर विसंबता येत नाही, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो आणि जिवंतपणीही एकाच प्रजातीत फरक असतो. लांबीवरही विसंबता येत नाही, कारण लांब गोल वाण्या कात टाकताना वलये वाढवत जातात. मादी किंवा पिल्लू मिळाले तर ओळख बहुतेक वेळा अपुरी राहते. शेतकऱ्याला वैताग आणणाऱ्या पिल्लांच्या झुंडीतून प्रजाती सांगणे कठीण जाते ते याच कारणाने. प्रौढ नर सापडेपर्यंत शोधत राहावे लागते, आणि तो काही आठवडेच वर असतो.

नर मिळाला की तो ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा. आनुवंशिक तपासणीसाठी एखादा पाय किंवा दुसरा नमुना शुद्ध अल्कोहोलमध्ये. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने गोनोपॉड काढायचे, प्रत्येक बाजूने चित्र काढायचे. आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेतात, तरीही हाताने काढलेल्या चित्राची जागा कायम आहे, कारण चित्र काढणाऱ्याला प्रत्येक काटा पाहावाच लागतो. त्यानंतर येते सगळ्यात चिकाटीचे काम: तुलना. त्या जीनसमधल्या आजवर नाव दिलेल्या प्रत्येक प्रजातीचे मूळ वर्णन वाचायचे. ती वर्णने जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये, काही लॅटिनमध्ये. जुने वर्णन दोन ओळींचे आणि चित्राविना असेल तर लंडन, व्हिएन्ना, जिनिव्हा किंवा कोलकात्याच्या संग्रहालयातला मूळ नमुना पाहावा लागतो. हे न करता घाईने नवे नाव दिले तर काय होते? कुंड्यांत आणि बागांत दिसणारी विटकरी रंगाची वाणी पाहा. ती मूळची आग्नेय आशियातली. रोपांच्या मातीबरोबर ती उष्ण कटिबंधात सगळीकडे पोचली, आणि तिला एकापेक्षा जास्त नावे पडली. आता ट्रायगोनियुलस कोरॅलिनस हे जुने नाव चालते आणि बाकीची बाद झाली. अशी बाद नावे निस्तरण्यात पुढच्या पिढीची वर्षे जातात. अमरावतीच्या बागेत सापडलेली देखणी वाणी नवी असेलच असे नाही, ती कुंडीतून आलेली पाहुणीही असू शकते.

तुलना पूर्ण झाली आणि प्रजाती खरोखर वेगळी ठरली, तर एका नमुन्याला होलोटाइप ठरवतात. तोच त्या नावाचा कायमचा आधार. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने तो नमुना पाहायचा. म्हणून तो घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवून चालत नाही. आपल्या देशात हा कायदाच आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांतले प्रमुख, आणि त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. मग निदान, वर्णन, चित्रे, ठिकाण आणि नावाचे कारण असे सगळे मांडून शोधनिबंध प्रसिद्ध करायचा. मेळघाटात नमुने घेण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, पण तिच्याशिवाय एक वाणीही उचलू नये. परवानगीविना घेतलेल्या नमुन्यावर उभे राहिलेले नाव विज्ञानालाही लाजिरवाणे आहे आणि जंगल राखणाऱ्यांचा विश्वासही त्यामुळे जातो.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चिठ्ठी, नमुन्याच्या बाटलीतली. तिच्यावर ठिकाण, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, वेचणाऱ्याचे नाव आणि कशाखाली सापडली याची नोंद. एका चुकीच्या चिठ्ठीने काय होते याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. रानपिंगळा. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे वर्णन केले आणि ब्लुइट या अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नाही. रिचर्ड माइनर्त्झहेगन यांनी मात्र आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला तापीकाठी एक मिळवल्याचा दावा केला होता, आणि तो नमुना संग्रहालयात चिठ्ठीसह होता. पुढच्या अभ्यासकांनी ती चिठ्ठी खरी मानली. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले तेव्हा कळले, की तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता. चोरलेला, नव्याने भरलेला, आणि खोटी चिठ्ठी लावलेला. रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवली, खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांच्या मागावर गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटातही सापडला, आणि आज मेळघाट हे त्याचे भक्कम घर मानले जाते. खोट्या चिठ्ठीने एक पक्षी हरवून ठेवला आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो परत मिळवून दिला. हे ऐकल्यावर नमुन्याची नोंद घाईत लिहू नये, हे वेगळे सांगायला नको.

अमरावती जिल्ह्याच्या नावावर अलीकडची एक नवी प्रजाती आहे, ती पालीची. २०१९ मध्ये ईशान अगरवाल, एरन बॉअर, वरद गिरी आणि अक्षय खांडेकर यांनी हेमिडॅक्टिलस चिखलदराएन्सिस ही पाल जगापुढे मांडली. चिखलदरा आता प्राणिशास्त्राच्या यादीत कायमचे आहे. हे नाव वाचताना मला अभिमान वाटतो. हिल स्टेशन म्हणून दीडशेहून अधिक वर्षे ज्ञात असलेल्या, दर पावसाळ्यात हजारो पर्यटक जिथे जातात त्या गावात एक पाठीचा कणा असलेला प्राणी २०१९ पर्यंत नावाशिवाय होता. मग पाचोळ्याखाली काय काय असेल याचा विचार करा.

वनस्पतींच्या बाबतीत आपण पुढे आहोत. अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवर कांबळे आणि प्रधान यांचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९८८ मध्येच काढला. पक्ष्यांच्या बाबतीत मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोश करून स्थानिक नावांना मानाची जागा दिली. वाणीसाठी असे काहीही करायचे तर कोरकू गावांपासून सुरुवात करावी लागेल. पावसाच्या पहिल्या आठवड्यात कोणती वाणी कुठे निघते, कोणती मोहाच्या बुंध्याशी असते, कोणती फक्त नाल्यात, हे जंगलात राहणाऱ्या माणसाला जितके माहीत असते तितके बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला कळायला कित्येक पावसाळे जातील. त्यांचे ज्ञान घ्यायचे तर त्यांचे नावही शोधनिबंधात यायला हवे, नुसते आभारात नव्हे, सहलेखक म्हणून. याबाबत माझे मन पक्के आहे.

अमरावतीत विद्यापीठ आहे, १९२३ पासूनचे विदर्भ महाविद्यालय आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, आणि तालुक्यातालुक्यात प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. सूक्ष्मदर्शक आहेत, हुशार मुले आहेत. जुने ग्रंथ, जे पूर्वी कोलकात्याला जाऊन पाहावे लागत, ते आता संगणकावर फुकट वाचता येतात. उणीव आहे ती संग्रहाची. विद्यार्थी प्रकल्पासाठी नमुने गोळा करतात, परीक्षा झाली की बाटल्या फेकल्या जातात, अल्कोहोल उडून जाते, चिठ्ठ्या पुसतात. वीस वर्षांत एका विभागातून जेवढे नमुने असे वाया जातात, तेवढे राखले असते तर वऱ्हाडातल्या वाण्यांची यादी आज आपल्या हातात असती.

म्हणून माझी विनंती आहे. या सभागृहात बसलेल्या प्रत्येक विभागप्रमुखाने एक कपाट वाणीसाठी राखावे आणि त्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवावी. सुरुवात जंगलापासून करू नका. आपल्या वावरापासून, धुऱ्यापासून, कॉलेजच्या आवारापासून करा, तिथे वनखात्याच्या परवानगीची अडचण नाही. शेतकरी बंधूंनी सकाळी गवताच्या ढिगाखालच्या सगळ्या वाण्या मिठाच्या पाण्यात टाकण्याआधी काही मोठ्या वाण्या झाकणाच्या बाटलीत घालून जवळच्या कॉलेजात पोचवाव्यात, आणि कागदावर गाव, तारीख आणि पीक पेन्सिलीने लिहावे. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. विद्यार्थ्यांनी नर ओळखायला शिकावे: सातवे वलय उलटवून पाहा, तिथे चालायच्या पायांच्या जागी गोनोपॉड दिसले तर तो प्रौढ नर. पावसाळा अजून सरलेला नाही. नर वाण्या अजून वर आहेत.